तीन मिनिटांच्या तबकडीतले बापूराव : पं. द. वि. पलुसकर



नाशिक म्हटलं की मुलांना गोदाघाट आणि काळाराम मंदिर आठवतं. आपल्या नाशिकच्या एका गोड गळ्याची ओळखही त्यांना हवी. ते म्हणजे पंडित दत्तात्रय विष्णू पलुसकर, सगळ्यांचे बापूराव.

त्यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिक येथे झाला. वडील पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. १९३१ साली वडील वारले, तेव्हा बापू अवघे दहा वर्षांचे होते. पुढे पुण्यात पं. विनायकराव पटवर्धनांनी त्यांना घडवलं. पं. नारायणराव व्यासांचंही मार्गदर्शन मिळालं. चौदाव्या वर्षी ते जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायले. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासोबतची त्यांची जुगलबंदी गाजली.

१९५५ साली भारतीय सांस्कृतिक मंडळासोबत ते चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला मेंदूज्वराने गेले. वय फक्त ३४!

लाँग प्ले तबकड्या आपल्याकडे रुळायच्या आधीच ते गेले. त्यांच्या काळातली लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं मावायचं. तेवढ्यात राग उभा करायचा, ताना घ्यायच्या आणि समेवर यायचं. बापूरावांनी ते करून दाखवलं.

त्यांच्या पश्चात हे गाणं लाँग प्लेवर आणि पुढे सीडीवर आलं. जुन्या तबकडीवरून नवी प्रत करताना खरखर काढावी लागते. पण ती जास्त पुसली तर तानपुऱ्याची झंकार आणि गळ्यातलं तेजही त्यासोबत जातं. फळा पुसताना अक्षरं जपावीत, तसंच हे काम. मूळ तबकडी जितकी चांगली, तितका आवाज खरा.

म्हणून पालकहो, घरात आजोबांच्या जुन्या तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका. झिजलेल्या सुईने वाजवूही नका, रेघा पडतात. पुसून, कव्हरात घालून, उन्हापासून दूर उभ्या ठेवा.

वर्गासाठी उपक्रम : परिपाठात बापूरावांचं एक भजन ऐकवा. तीनच मिनिटं लागतात. मग मुलांना विचारा, गाण्याशिवाय आणखी काय काय ऐकू आलं? माझ्या वर्गातली मुलं आधी खरखरीला हसली, मग आपोआप गप्प झाली.

बापूरावांना विनम्र अभिवादन!