वाळवंटातील भगीरथ

राजस्थानच्या अगदी उत्तरेस श्रीगंगानगर नावाचा जिल्हा आहे. हिवाळ्याच्या दिवसांत तेथे गेल्यास दूरवर पसरलेली गव्हाची शेते, मोहरीची पिवळी फुले आणि संत्र्यासारख्या किन्नूच्या फळांनी लगडलेल्या बागा दृष्टीस पडतात. ही भूमी शंभर वर्षांपूर्वी ओसाड वाळवंट होती, हे सांगूनही कोणास खरे वाटणार नाही. तेथे वाळूच्या टेकड्या होत्या, काटेरी झुडपे होती आणि वाऱ्याबरोबर जागा बदलणारी रेती होती. हे परिवर्तन ज्यांच्या चिकाटीमुळे घडून आले, ते बिकानेरचे महाराज गंगासिंह होत.

गंगासिंहांचा जन्म ३ ऑक्टोबर १८८० रोजी बिकानेर येथे झाला. वडील बंधू महाराज डूंगरसिंह यांच्या निधनानंतर १८८७ साली, वयाच्या सातव्या वर्षी, ते गादीवर आले. अजमेरच्या मेयो कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि १८९८ साली राज्यकारभाराची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या वेळी ते अवघे अठरा वर्षांचे होते.

बिकानेर राज्य विस्ताराने मोठे असले, तरी पाण्याच्या बाबतीत अत्यंत दरिद्री होते. वर्षाकाठी तेथे सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर पाऊस पडे. तोही सर्व वर्षी पडेलच, याचा भरवसा नसे. विहिरी दोन-तीनशे फूट खोल खणाव्या लागत, आणि इतके श्रम करूनही पुष्कळदा खारे पाणीच हाती येई. पावसाचे पाणी कुंडांत साठवून लोक ते तुपासारखे जपून वापरीत.

अशा राज्याचा भार खांद्यावर येऊन वर्षही लोटले नाही, तोच १८९९ साली पावसाने पाठ फिरवली. विक्रम संवताच्या १९५६ व्या वर्षी पडलेला हा दुष्काळ राजस्थानात आजही ‘छप्पनिया’ या नावाने ओळखला जातो. चारा संपला, गुरे हजारोंनी मेली. माणसांची अन्नान्नदशा झाली. खेजडीच्या झाडाची साल वाळवून, दळून तिच्या पिठावर लोकांनी दिवस काढले. पुढे पटकीची साथ आली आणि दुष्काळातून वाचलेले कित्येक जीव तिने नेले.

तरुण महाराजांनी या संकटापुढे हाय खाल्ली नाही. तलाव, रस्ते, रेल्वेचे मातीकाम अशी कामे काढून त्यांनी लोकांना रोजगार व धान्य पुरविले. स्वतः गावोगाव फिरून त्यांनी या कामांवर देखरेख केली. त्यांच्या या कार्याबद्दल १९०० साली सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ सुवर्णपदक दिले. परंतु पदकाने दुष्काळ टळत नाही, हे महाराज जाणून होते. आज लोकांना जगविले, तरी पुढच्या अवर्षणात पुन्हा तेच होणार. बिकानेरला कायमचे पाणी हवे होते, आणि ते आभाळातून मिळण्याची खात्री नव्हती.

पाणी होते ते उत्तरेस, पंजाबातून वाहणाऱ्या सतलज नदीत. हिमालयातील बर्फ वितळून या नदीला उन्हाळ्यातही पाणी असते. तिचा कालवा बिकानेरच्या वाळूत आणावा, हा ध्यास महाराजांनी घेतला. पण हे काम बोलण्याइतके सोपे नव्हते. सतलज नदी बिकानेरच्या सीमेला कोठेही स्पर्श करीत नव्हती. साहजिकच, ज्यांच्या भूमीतून नदी वाहत नाही, त्यांना तिच्या पाण्यावर हक्क कसला, अशी हरकत नदीकाठच्या बहावलपूर राज्याने घेतली. कालव्याचा मोठा भाग ब्रिटिशांच्या ताब्यातील पंजाब प्रांतातून जावयाचा होता. शिवाय, तापलेल्या वाळूतून वाहणारे पाणी शेतापर्यंत पोहोचेल, की वाटेतच जिरून जाईल, हा प्रश्नही होताच.

महाराजांनी कुशल अभियंत्यांकडून पाहणी करविली, नकाशे तयार करविले, आणि पत्रव्यवहार व वाटाघाटी नेटाने चालू ठेवल्या. वर्षांमागून वर्षे गेली. मध्यंतरी पहिले महायुद्ध येऊन गेले. अखेर पाण्याचा विचार केवळ राज्यांच्या सीमा पाहून न करता, अधिकाधिक लोकांचे हित पाहून करावा, हे तत्त्व मान्य झाले. आणि ४ सप्टेंबर १९२० रोजी पंजाब, बहावलपूर व बिकानेर यांच्यात करार झाला. भीषण दुष्काळ पाहिलेला अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण आता चाळिशीला आला होता.

१९२५ साली फिरोजपूर येथे कालव्याची कोनशिला बसविण्यात आली. पाणी वाळूत जिरू नये म्हणून मुख्य कालव्याच्या तळाला व दोन्ही बाजूंना चुन्याच्या काँक्रीटचे अस्तर करण्यात आले. सुमारे १२९ किलोमीटर लांबीचा असा पक्का कालवा ही त्या काळी मोठ्या नवलाची गोष्ट होती. २६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हिमालयातील पाणी मरुभूमीच्या दारी आले. त्या कालव्याला ‘गंग कालवा’ हे नाव मिळाले.

पाणी आले, तरी तेवढ्याने वाळवंट हिरवे होत नाही. जमिनीचे चौरस तुकडे पाडण्यात आले. पंजाबातून व इतर भागांतून कष्टाळू शेतकरी येऊन तेथे वसले. त्यांनी टेकड्या सपाट केल्या आणि पाट खोदले. प्रत्येकाला जमिनीच्या प्रमाणात ठरावीक वेळच पाणी मिळे. आपली पाळी संपली, की ते शेजाऱ्याच्या शेताकडे वळवावे लागे. नवी गावे वसली, बाजारपेठा उभ्या राहिल्या, आणि रामनगर या लहानशा वस्तीच्या ठिकाणी श्रीगंगानगर शहर वाढले. पुढे सुमारे तीन लाख हेक्टर भूमी या कालव्याच्या लाभक्षेत्रात आली.

गंगासिंहांनी इतरही अनेक क्षेत्रांत नाव मिळविले. १९१९ साली व्हर्साय येथील शांतता करारावर सही करणाऱ्या भारतीय प्रतिनिधींत ते होते. मात्र ते जुन्या वळणाचे राजे होते. राज्यकारभारावर टीका करणाऱ्या प्रजाजनांशी ते कठोरपणे वागत, ही गोष्टही विसरता येत नाही. २ फेब्रुवारी १९४३ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी घालून दिलेल्या वाटेने देश पुढे गेला. बिकानेर राज्याचे अभियंता कँवर सेन यांनी १९४८ साली याहून फार मोठ्या कालव्याची योजना मांडली. १९५८ साली त्याचे काम सुरू झाले. तोच आजचा इंदिरा गांधी कालवा होय. या नव्या कालव्याने एक कटू धडाही दिला. जेथे पाणी बेसुमार वापरले गेले, तेथे भूगर्भातील पाणी वर चढले, जमिनी चिबड व खारवट झाल्या आणि उभी पिके कुजली. पाण्यावाचून ओसाड पडणारी भूमी पाण्याच्या अतिरेकानेही नापीक होते.

पुराणातील भगीरथाने आपल्या पूर्वजांच्या उद्धारासाठी गंगा भूतलावर आणली. गंगासिंहांनी सतलजेचे पाणी आणले, ते भावी पिढ्यांच्या पोटासाठी. म्हणूनच राजस्थानातील लोक त्यांना आधुनिक भगीरथ म्हणतात. परंतु पाणी आणण्याचे काम एका पिढीचे असते. ते जपून वापरण्याचे काम पुढच्या प्रत्येक पिढीला करावे लागते. ज्यांच्या पूर्वजांनी कुंडातील थेंब न् थेंब जपला, त्यांच्या वंशजांनी कालव्याच्या पाण्याचाही तसाच मान राखला, तरच ती हिरवी शेते हिरवी राहतील.