मिरजेतून निघालेला गवई

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणपतीतलं स्टेज येतं. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मुकेशची गाणी म्हणणारे एक काका आणि मध्येच बंद पडणारा माईक. युरोप-अमेरिकेतल्या लहानसहान शहरांत मात्र स्वतःची सिम्फनी ऑर्केस्ट्रा असते आणि तिच्यात व्हायोलिन वाजवणारा माणूस हा चक्क नोकरदार असू शकतो. ऑडिशन देऊन लागायचं, ठरल्या वेळी रिहर्सलला हजर राहायचं, कामाचा पगार घ्यायचा. आपल्याकडे मुंबईत एनसीपीएने 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन केली तीच मुळी २००६ साली.

मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या सातारा-सांगली भागातला गवई जगायचा कशावर? उत्तर सोपं होतं : राजेसाहेबांवर. मिरज, सांगली, औंध, फलटण अशी संस्थानंच संस्थानं. राजाला गाण्याची आवड असली तर गवयाची चूल पेटायची. पण गवई किती का मोठा असेना, दरबारात तो नोकरच. हे ज्याला सहन झालं नाही, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची ही गोष्ट.

आडनावावरून ओळखलंच असेल, घराणं मूळचं आपल्या जिल्ह्यातल्या पलूसचं. जन्म मात्र कुरुंदवाडचा, १८ ऑगस्ट १८७२. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. मुलगा शाळेत जात होता आणि पुढे शिकून कुठेतरी नोकरीला लागला असता, पण दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका फुटला आणि डोळे कायमचे अधू झाले. उपचारासाठी त्याला मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे आणलं. नजर काही पूर्ववत झाली नाही. वाचन-लिखाणाची वाट बंद झाल्यासारखीच होती, म्हणून मुलाला गाणं शिकवावं असं ठरलं. म्हणजे ज्याला आपण करिअर चॉइस म्हणतो तसलं काही नव्हतं. उरलेला एकच ऑप्शन होता.

पण नशीब असं की मिरजेत तेव्हा पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात रुजवली ती याच बुवांनी. मिरजेच्या राजेसाहेबांनी विष्णूच्या शिक्षणाला आश्रय दिला. जेवणाखाण्याची सोय झाली आणि नऊ-दहा वर्षं तंबोरा, रियाझ आणि गुरूची सेवा. तेव्हाचं शिक्षण म्हणजे सिलॅबस नाही, टाइमटेबल नाही. गुरूंच्या मनात येईल तेव्हा आणि येईल तेवढं शिकायचं. लिहून घ्यायचा तर प्रश्नच नव्हता.

याच काळात मिरजेत एक समारंभ झाला. विष्णु दिगंबरांना निमंत्रण आलं, कारण त्यांच्यावर राजेसाहेबांची मर्जी होती. गुरूंना मात्र नव्हतं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा बुवा काय, शेवटी गवईच, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मला वाटतं पुढचं सगळं आयुष्य त्यांनी या एका उत्तराला उत्तर देण्यात घालवलं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडलं. फिक्स्ड इन्कम सोडून वयाच्या चोविसाव्या वर्षी बाहेर पडणं म्हणजे काय, हे प्लेसमेंटच्या रांगेत उभं राहणाऱ्या आपल्याला जास्त कळेल.

आधी औंध, मग सातारा. साताऱ्यात त्यांचं गाणं लोकांनी उचलून धरलं. तिथून बडोदा, ग्वाल्हेर, मथुरा अशी मुशाफिरी. काठियावाडात त्यांनी एक गोष्ट केली जी आज आपल्याला काहीच विशेष वाटणार नाही : गाण्याच्या मैफलीला तिकीट लावलं. नाटकाला तिकीट होतं, पण गवयाचं गाणं ऐकायचं तर राजवाड्यात नाहीतर श्रीमंताच्या दिवाणखान्यात, तेही बोलावणं असेल तर. तिकीट लावल्यावर दुकानदार आणि शाळामास्तरसुद्धा समोर बसू शकला. गवयाला कुणा एकाची मर्जी सांभाळायची गरज उरली नाही. कार्यक्रम वेळेवर सुरू करायचा आणि श्रोत्यांनी शिस्तीत बसायचं, हाही त्यांचा आग्रह असे. (आपल्या गॅदरिंगच्या कमिटीने याची नोंद घ्यावी!)

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. लाहोरच का? त्यांची ना तिथे ओळख ना भाषा. सुरुवातीला विद्यार्थी येतच नव्हते. तरी ते रोज ठरल्या वेळी वर्ग उघडून बसत. याच सुमारास वडील गेल्याची तार आली आणि तरीही ते काम टाकून घरी गेले नाहीत, असं चरित्रकार सांगतात. हे वाचून मला आदर वाटायच्या आधी थोडी भीतीच वाटली.

हळूहळू मुलं आली. आणि इथे हा माणूस मला एकदम इंजिनिअर वाटायला लागतो. गाणं शिकवायचं तर पुस्तक हवं, पुस्तकाला स्वरलिपी हवी, म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी बनवली. कुठला स्वर किती मात्रा, अर्धी की पाव, हे खुणांनी दाखवायचं. छापायला स्वतःचा छापखाना. १९०५ पासून 'संगीतामृतप्रवाह' नावाचं मासिक. वाद्यं बनवायला आणि दुरुस्तीला कारखाना. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, सर्टिफिकेट. स्त्रियांसाठीही वर्ग. विद्यार्थ्यांचं समूहगान आणि वृंदवादनही बसवलं जाई. वृंदवादन म्हणजे आपली देशी ऑर्केस्ट्राच म्हणा ना. दहा जणांनी एकच गोष्ट एकाच वेळी वाजवायची तर प्रत्येकाच्या मनावर सोडून चालत नाही, ती कुठेतरी लिहिलेली लागते. त्यांची स्वरलिपी जरा किचकट होती हे खरं. पुढे भातखंड्यांची सोपी पद्धत जास्त चालली.

शिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी 'उपदेशक' वर्ग काढला. मुलांना राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, पण नऊ वर्षांचा करार. आजच्या भाषेत बॉण्ड. पहाटेपासून शिस्त कडक. त्यातून ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, आणि आपल्या मिरजेत जन्मलेले विनायकराव पटवर्धन आणि बी. आर. देवधर असे लोक बाहेर पडले. गाणं शिकून तुम्ही शिक्षक होऊ शकता, महिन्याचा पगार घेऊ शकता, ही वाट त्यांच्यासाठी उघडली.

सगळंच गोड नव्हतं. गाण्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून पलुसकरांनी त्यात भजन आणि भक्ती भरली, शृंगाराचे शब्द बाजूला सारले. पण ज्या उस्तादांनी आणि गाणाऱ्या बायकांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांना या नव्या प्रतिष्ठित वर्गात फारशी जागा राहिली नाही. मला हे खटकतं. गवयाला समारंभाचं निमंत्रण मिळवून दिलं, पण ते सगळ्याच गवयांना मिळालं असं नाही.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी राहिली, अर्थात कर्जावर. इतकी मुलं फुकट पोसायची, छापखाना चालवायचा आणि व्याजही भरायचं! पलुसकर गावोगाव जलसे करायचे आणि आलेला पैसा कर्जात जायचा. राजाची मर्जी सांभाळायची नाही म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला आता सावकाराची तारीख सांभाळावी लागत होती. शेवटी १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला.

तोवर त्यांचं मन बरंचसं रामनामाकडे वळलं होतं. १९२२ मध्ये नाशिकला त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला होता. पण स्वभाव बदलला नव्हता. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये ते 'वंदे मातरम्' म्हणायला उभे राहिले, तेव्हा अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली. पलुसकर थांबले नाहीत, गाणं पूर्ण करूनच खाली बसले.

घरात मात्र दुःखच दुःख. बारा मुलांपैकी एकटा दत्तात्रय जगला. तो दहा वर्षांचा असताना, २१ ऑगस्ट १९३१ रोजी, पलुसकर मिरजेतच वारले. जिथून निघाले तिथेच. दत्तात्रयाला पुढे वडिलांच्या शिष्यांनी घडवलं, मुख्यतः विनायकराव पटवर्धनांनी. तेच डी. व्ही. पलुसकर. 'बैजू बावरा'मध्ये अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी तुम्ही नक्की ऐकली असेल. तेही १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले.

गुरू गेले त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला जमून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. इमारत लिलावात गेली होती, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा जप्त करता येत नाहीत. आपल्या वर्गातल्या ज्या मुलींनी 'प्रवेशिका' नाहीतर 'मध्यमा' केली आहे ना, ती याच मंडळाची परीक्षा. मंडळाचं 'गांधर्व निकेतन' मिरजेत ब्राह्मणपुरीत आहे.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल