प्रयोगवेडा क्लोद बेर्नार

मराठीतला ‘प्रयोग’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. नाटकाचाही प्रयोग होतो आणि प्रयोगशाळेत होतो तोही प्रयोगच. या दोन्ही घरांत राहून आलेला एक माणूस एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचे नाव क्लोद बेर्नार. विज्ञान शाखेतील आपल्या मित्रांना हे नाव यकृत आणि स्वादुपिंड यांच्या संदर्भात ठाऊक असते. आपल्या कला शाखेत त्याची ओळख झालीच, तर ती एमिल झोलाच्या कादंबरीविषयक विचारांच्या निमित्ताने, ओझरती होते. मला मात्र त्याच्या चरित्राकडे खेचून नेले ते त्याच्या एका वेगळ्याच शोधाने. न हलणारे शरीर म्हणजे वेदना नसलेले शरीर नव्हे, हे त्याने एका बेडकाच्या साहाय्याने दाखवून दिले. आज शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ रोग्याच्या मनगटाला तारा लावून त्याच्या अंगठ्याकडे पाहत असतात, त्यामागे हाच विचार आहे. आणि हा शोध लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र याच वेदनेवरून दुही माजली होती.

बेर्नारचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी झाला. फ्रान्समधील बोझोले हा द्राक्षमळ्यांचा मुलूख. तेथील व्हिलफ्रांश गावाजवळच्या सें-झ्युलियाँ या खेड्यात त्याच्या वडिलांचा द्राक्षांचा मळा होता. घरची स्थिती बेताचीच. गावच्या धर्मगुरूकडे थोडे लॅटिन, मग जेझुइटांच्या शाळेत शिक्षण, असे करीत तो मोठा झाला. शाळेत त्याने विशेष चमक दाखवली असे कोणी म्हणत नाही. पुढे शिकण्याची ऐपत नव्हती, तेव्हा लियाँ शहराजवळ एका औषधविक्रेत्याच्या दुकानात तो उमेदवारीला राहिला. दुकान झाडायचे, बाटल्या धुवायच्या, औषधे पोचवायची. त्या दुकानात थेरिअॅक नावाचे एक सर्वरोगहारक औषध फार खपे. उरलेसुरले, बिघडलेले सगळे जिन्नस त्या औषधाच्या भांड्यात जात, असे सांगतात. औषधांकडे संशयाने पाहण्याची त्याची सवय तेथेच सुरू झाली असावी, असे मला वाटते.

दिवसा दुकान आणि सुटीच्या संध्याकाळी नाटक, असा त्याचा क्रम होता. पाहता पाहता तो लिहूही लागला. त्याचे एक छोटे संगीत प्रहसन लियाँमध्ये रंगभूमीवर आले. मग त्याने हिंमत बांधून पाच अंकी ऐतिहासिक शोकनाट्य लिहायला घेतले. नायक ब्रिटनीचा राजपुत्र आर्थर. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मध्ये आपल्याला भेटतो तोच हा दुर्दैवी मुलगा. १८३४ साली नाटकाचे हस्तलिखित घेऊन एकवीस वर्षांचा बेर्नार पॅरिसला आला आणि सें-मार्क झिरार्दें या नामांकित समीक्षकाकडे गेला. झिरार्देंनी नाटक वाचले. लेखणीवर पोट भरण्याच्या भरीस पडू नये, औषधांच्या दुकानाचा अनुभव आहे तर वैद्यक शिकावे आणि लिहायचे ते फावल्या वेळात लिहावे, असा सल्ला त्यांनी दिला. आपल्यापैकी किती जणांना घरच्या वडीलधाऱ्यांनी हेच ऐकवले असेल! बेर्नारने तो सल्ला मानला. ते शोकनाट्य त्याच्या हयातीत छापलेही गेले नाही.

वैद्यकाच्या परीक्षांतही त्याने फारसे दिवे लावले नाहीत. १८३९ साली रुग्णालयातील उमेदवारीसाठी जी निवड झाली, तिच्या यादीत त्याचे नाव शेवटाकडे होते. पण कॉलेज द फ्रान्समधील प्राध्यापक फ्रांस्वा माझांदी यांच्या हाताखाली तो आला आणि त्याला आपले खरे क्षेत्र सापडले. शरीराचे व्यापार पोथ्या वाचून ठरवण्याऐवजी प्रत्यक्ष प्राण्यावर प्रयोग करून पाहावेत, असा माझांदींचा खाक्या. बेर्नारचा हात विलक्षण कुशल होता. १८४१ साली तो त्यांचा मदतनीस झाला, १८४३ साली वैद्यकाची पदवी मिळाली. दुसऱ्याच वर्षी अध्यापनाच्या परीक्षेत तो नापास झाला. खेडेगावात जाऊन दवाखाना थाटावा अशा विचारात असतानाच १८४५ साली त्याचा विवाह झाला. वधू डॉक्टरची मुलगी होती आणि तिने आणलेल्या हुंड्यामुळे त्याचे संशोधन चालू राहिले. पुढे याच पत्नीने त्याच्या संशोधनाचा तिटकारा केला, ही दैवगती.

याच सुमारास त्याच्या हाती क्युरारे आले. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या जंगलांत राहणारे आदिवासी काही वेलींच्या सालींपासून हे काळपट, चिकट विष बनवीत आणि फुंकनळीतून उडवायच्या बारीक बाणांच्या टोकांना ते लावीत. बाण लागलेला प्राणी न ओरडता, न तडफडता शांतपणे खाली कोसळे. त्याचे मांस खाल्ले तरी अपाय होत नसे, कारण रक्तात मिसळल्यावर मारणारे हे विष पोटातून मात्र अंगात फारसे भिनत नाही. १८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका गाढविणीला हे विष दिले आणि भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरत राहून तिला वाचवले. ती पुढे पंचवीस वर्षे जगली! म्हणजे हे विष हृदय बंद पाडत नाही, श्वास थांबवून मारते, एवढे तेव्हा कळले होते. पण ते शरीरात नेमके कोठे बसते, हे कोणाला उमगले नव्हते.

बेर्नारने १८४४ पासून बेडकांवर क्युरारेचे प्रयोग सुरू केले. त्यातला एक प्रयोग मला एखाद्या उत्तम नाट्यप्रवेशासारखा वाटतो. बेडकाच्या कमरेला त्याने असा दोरा बांधला, की मागच्या पायांकडे जाणारे रक्त थांबावे. पण तिकडे जाणारे मज्जातंतू मात्र मोकळे राहावेत. मग पुढच्या भागात विष टोचले. विष रक्ताबरोबर फिरते, त्यामुळे ते पुढच्या भागात पसरले आणि मागचे पाय त्यापासून वाचले. थोड्याच वेळात पुढचा भाग मेल्यासारखा निपचित पडला. आता बेर्नारने त्या निपचित भागाच्या त्वचेला चिमटा घेतला. तो भाग हलला नाही. पण मागचे पाय झटकन हलले! याचा अर्थ, चिमट्याची वार्ता मज्जारज्जूपर्यंत पोचली होती. संवेदना शाबूत होती. हरवले होते ते फक्त उत्तर देण्याचे साधन.

दुसऱ्या प्रयोगात त्याने स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू वेगळे काढले. नुसता मज्जातंतू विषाच्या द्रावणात बुडवला, तर विजेचा झटका दिल्यावर स्नायू पूर्वीसारखाच आकुंचन पावे. स्नायू बुडवला, तर मज्जातंतूला दिलेला झटका व्यर्थ जाई. पण त्याच स्नायूला थेट झटका दिला, की तो हलत असे. म्हणजे तारही ठीक आणि दिवाही ठीक. बिघाड दोहोंच्या जोडावर. स्वतः बेर्नार विषाचा दोष मज्जातंतूच्याच पदरी घालत राहिला. जोडाची गोष्ट त्याचा देशबांधव व्ह्यूल्पियाँ याने १८६६ साली अधिक स्पष्ट केली. त्या जोडावर ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य निरोप पोचवते, हे हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली दाखवले. क्युरारे त्या निरोप्याची जागा अडवून बसते.

१८६४ साली बेर्नारने ‘रेव्ह्यू दे दो माँद’ या प्रसिद्ध नियतकालिकात सामान्य वाचकांसाठी क्युरारेवर लेख लिहिला. त्यात त्याच्यातला जुना नाटककार जागा झालेला दिसतो. बाहेरून शांत झोपेसारखे दिसणारे हे मरण आतून भयंकर आहे, असे त्याने सांगितले. बुद्धी जागी, जाणीव जागी, इच्छा जागी. पण हात, पाय, आवाज, शेवटी श्वास असे एकेक चाकर धन्याला सोडून जातात, आणि धनी निश्चल देहाच्या कोठडीत जिवंत राहतो. यापेक्षा भीषण यातना त्याला कल्पिता येत नव्हती.

आणि इथेच या चरित्रातली गाठ आहे. दुसऱ्याच वर्षी, १८६५ साली, त्याचा प्रायोगिक वैद्यकावरील विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. कॉलेज द फ्रान्सच्या कोंदट, ओलसर तळघरात वर्षानुवर्षे काम करून त्याची प्रकृती ढासळली होती. सें-झ्युलियाँच्या मळ्यात विश्रांती घेताना त्याने हा ग्रंथ सिद्ध केला. निरीक्षण, तर्क आणि पडताळा यांची इतकी स्वच्छ मांडणी क्वचितच आढळेल. झोलाने १८८० साली आपला ‘प्रायोगिक कादंबरी’चा सिद्धान्त उभारला तो याच ग्रंथाच्या आधारावर. पण याच ग्रंथात जिवंत प्राण्यांवरील शस्त्रप्रयोगांचे ठाम समर्थनही आहे. विचारात गढलेल्या शास्त्रज्ञाला प्राण्यांचे ओरडणे ऐकू येत नाही, रक्त दिसत नाही, असा त्याचा आशय. एवढेच नव्हे, प्रयोगाच्या वेळी प्राण्याने हलू नये म्हणून बेर्नारच्या प्रयोगशाळेत क्युरारेचाही वापर होई. क्युरारे दिलेल्या प्राण्याला सारे काही जाणवते, हे ज्याने सिद्ध केले, त्याच्याच टेबलावर!

घरी पत्नी आणि दोन मुलींना हे सहन होत नव्हते. तिघी प्राण्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. १८६९ साली पतिपत्नी कायमची विभक्त झाली. मानसन्मान मात्र याच काळात चालून येत होते. नाटककार म्हणून परत पाठवलेला हा माणूस १८६८ साली फ्रेंच अकादमीवर, म्हणजे साहित्याच्या सर्वोच्च पीठावर, निवडून गेला. तो सेनेटरही झाला. १० फेब्रुवारी १८७८ रोजी तो वारला, तेव्हा सरकारी इतमामाने त्याची अंत्ययात्रा निघाली. फ्रान्समध्ये शास्त्रज्ञाला असा मान प्रथमच मिळत होता. त्याआधी दोनच वर्षे, १८७६ साली, ब्रिटिश पार्लमेंटने प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध कायदा केला आणि त्यात क्युरारेला भुलीचे औषध मानले जाणार नाही, असे स्पष्ट कलम घातले. बेर्नारने प्रयोगशाळेत मिळवलेले सत्य असे कायद्यात उतरले, तेही त्याच्यासारख्यांचे हात बांधण्यासाठी.

क्युरारे माणसाच्या शस्त्रक्रियेत खऱ्या अर्थाने आले ते २३ जानेवारी १९४२ रोजी, कॅनडातील माँट्रिऑल येथे. हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत, भूल दिलेल्या एका तरुणाला ते टोचले. पोटाचे स्नायू सैल पडले आणि शल्यविशारदाचे काम सोपे झाले. पूर्वी असे सैलपण आणण्यासाठी ईथरसारख्या औषधाची भूल धोकादायक इतकी खोल न्यावी लागे. पण हलत नाही तो रोगी बेशुद्धच असणार, असा समज तेव्हाही काहींचा होता. १९४७ साली अमेरिकेत स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतः भूल न घेता क्युरारेचा मोठा डोस टोचून घेतल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. श्वास बंद पडला, बाहेरून कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागला. पण सारा वेळ तो पूर्ण शुद्धीवर होता आणि सुई टोचलेलीही त्याला कळत होती. बेडकाने दिलेली साक्ष माणसाने दिली.

मग स्नायूंचे सैलपण किती, हे मोजायचे कसे? उत्तर बेर्नारच्या टेबलावरचेच आहे : मज्जातंतूला विजेचा हलका झटका द्या आणि स्नायू काय करतो ते पाहा. १९७० साली इंग्लंडमध्ये अली, अटिंग आणि ग्रे यांनी त्याची सोपी रीत बसवली. मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूला, त्वचेवरून झटके देतात. अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार. औषध नसेल तर अंगठा चारही वेळा सारख्याच जोराने हलतो. औषधाचा अंमल असेल तर पुढची प्रत्येक हालचाल दुबळी होत जाते. अंमल आणखी वाढला की चौथी नाहीशी होते, मग तिसरी, मग दुसरी, आणि अखेर पहिलीही. शस्त्रक्रिया संपल्यावर क्रम उलटा चालतो. चौथ्या हालचालीचा जोर पहिलीच्या निदान नऊ-दशांश भरल्याशिवाय स्नायू सावरले असे आता मानत नाहीत. पूर्वी सात-दशांश पुरे समजत. पण तेवढ्यावर घशाचे स्नायू दुबळे राहू शकतात, गिळणे बिघडते, लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती राहते. शिवाय नुसत्या डोळ्यांनी किंवा बोटांनी हा बारीक फरक ओळखता येत नाही. म्हणून उपकरणाने आकडा मोजावा, असा आग्रह आता धरला जातो.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अंगठा स्नायूंबद्दल सांगतो. मनाबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही. रोगी खरोखर झोपला आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते. त्यासाठी भुलीच्या औषधाचे प्रमाण, नाडी, रक्तदाब, कधी मेंदूतील विद्युत्-लहरी यांवर लक्ष ठेवावे लागते. हालणे वेगळे आणि जाणणे वेगळे, ही बेर्नारने पाडलेली फोड भूलतज्ज्ञ रोज नव्याने करीत असतो.

बेर्नारला मी दोषमुक्त करू शकत नाही आणि त्याच्या ऋणातून सुटूही शकत नाही. ज्या रोग्यांचे प्राण आज शस्त्रक्रियेने वाचतात, त्यांच्या सुरक्षिततेत त्या बेडकांचा आणि कुत्र्यांचा वाटा आहे. त्याच्या पत्नीचे आणि मुलींचे म्हणणेही त्याच्याच सिद्धान्ताशी सुसंगत होते : जो ओरडू शकत नाही, त्याला दुखत नाही असे समजू नका. फरक इतकाच, की त्यांनी ते प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे राहून म्हटले. आपण साहित्याचे विद्यार्थी मुक्यांच्या वेदनेबद्दल वर्गात पुष्कळ बोलतो. मुका आहे म्हणून गृहीत न धरता त्याला आधी विचारून पाहायचे, त्याच्या उत्तराची एखादी वाट शोधून काढायची आणि आलेले उत्तर मोजायचे, हे काम मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये, एका अंगठ्याकडे पाहत, रोज मुकाट्याने चाललेले असते.