होमी भाभांचा दहा केबीचा कॉम्प्युटर

तुमचा एक सेल्फी दोन-तीन एमबीचा असतो ना? मुंबईत १९६० मध्ये सुरू झालेल्या एका कॉम्प्युटरची अख्खी मेमरी होती जेमतेम १० केबी! कुंभारीहून सोलापूरला येताना बसमध्ये तुम्ही जे मीम फॉरवर्ड करता, तेही त्यात मावलं नसतं. जुन्या मशीन्सचं वेड असेल, तर हा कॉम्प्युटर आणि त्यामागचा माणूस तुम्हाला माहीत हवा. माणूस म्हणजे डॉ. होमी भाभा. हो, अणुऊर्जावाले, तेच.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत जन्म, शिक्षण केंब्रिजला. १९३९ मध्ये सुट्टीवर आले, महायुद्ध पेटलं आणि इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उभी केली. हे जीकेत पाठ केलंयच तुम्ही, पुढे जाऊ.

१९५४ मध्ये तिथे आर. नरसिंहन यांच्या हाताखाली तरुण इंजिनीअर कॉम्प्युटर बनवायला बसले. आधी कुणीच तो डिझाइन केलेला नव्हता! १९५६ मध्ये छोटं मॉडेल चाललं, फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण मशीन. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १२,५०० रेझिस्टर. १९६२ मध्ये नेहरूंनी नाव दिलं, टिफ्रॅक.

पण तोवर ट्यूबचा जमानाच संपत आला होता. १९६१ मध्ये मुंबईतल्या एस्सो या तेल कंपनीत आयबीएम १४०१ आला. ट्रान्झिस्टरवर चालणारा, ऑफिसच्या कामांसाठीच बनवलेला. पंच कार्ड घाला, बिलं नि पगारपत्रकं छापून घ्या.

मग टिफ्रॅकची सगळी वर्षं पाण्यात गेली? मला तरी नाही वाटत. आयबीएमची मशीन भाड्याने यायची, बिघडली की कंपनीच्या माणसाची वाट बघा. टिफ्रॅक बंद पडला, तर तो जोडणारीच पोरं त्याच संस्थेत होती.

आणि भाभा स्वदेशीचा हट्ट धरून बसले नाहीत. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेचा तगडा सीडीसी ३६०० आला, बाहेरच्या संस्थाही त्यावर कामं करून घेऊ लागल्या. टिफ्रॅक लवकरच निवृत्त झाला. इकडे १९६३ पासून भाभा सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचे अध्यक्ष होते. दहा वर्षांत देशाने आपल्या पायावर उभं राहायचं, असा तिचा आराखडा.

२४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं. त्यात भाभा होते, वय ५६. समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली आणि काही वर्षांत तिथून टीडीसी मालिकेचे भारतीय कॉम्प्युटर बाहेर पडू लागले.