कविवर्य मोरोपंत : एका पुराणिकाची चाकरी

पोटासाठी करावयाचे काम आणि मनाला रुचणारे काम ही दोन्ही एकच असावीत, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. आपले ज्ञातिबांधव व भगिनी कोणी शाळेत, कोणी कचेरीत, कोणी बँकेत, तर कोणी साखर कारखान्यात किंवा औद्योगिक वसाहतीत चाकरी करून संसार चालवितात. चार मंडळी एकत्र जमली की पगाराच्या गोष्टींबरोबर एक तक्रार हटकून कानी पडते. ती ही की, कामात आता मन रमत नाही. रोज तेच ते करून जीव विटून गेला आहे. ही तक्रार खोटी आहे असे कोणी म्हणू नये. परंतु तिचा विचार करताना बारामतीसारख्या गावी राहून, एकाच घराण्याच्या आश्रयाने, सुमारे चाळीस वर्षे एकच काम करीत राहिलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र डोळ्यांसमोर आणणे उपयोगाचे होईल असे वाटते. ते पुरुष म्हणजे कविवर्य मोरोपंत पराडकर होत.

पंत हे कऱ्हाडे ब्राह्मण. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील, राजापूर तालुक्यातील सौंदळ गावचे. वडील रामजीपंत हे घाटावर येऊन पन्हाळगडी नोकरीस राहिले होते. तेथेच १७२९ साली मोरोपंतांचा जन्म झाला आणि आयुष्याची पहिली सुमारे चोवीस वर्षे त्यांनी त्या गडावरच घालविली. गणेश पाध्ये आणि केशव पाध्ये ह्या विद्वान बंधूंपाशी त्यांचे अध्ययन झाले. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, वेदान्त आणि साहित्य एवढ्या शास्त्रांचा अभ्यास त्यांनी तेथे केला. आजच्या काळी पंचविशीच्या आत मुलगा कमावता झाला नाही तर घरातील माणसे चिंतेत पडतात. पंतांची ती वर्षे केवळ शिकण्यात गेली, आणि पुढील चाळीस वर्षांची सारी कमाई ह्याच शिदोरीवर झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे रामजीपंत बारामतीस बाबूजी नाईक जोशी ह्यांच्या पदरी गेले व त्यांच्या मागोमाग मोरोपंतही तेथे आले. बारामतीकर नाईकांचे घराणे सावकारीने व सरदारीने त्या काळी फार मातब्बर झाले होते. पेशव्यांशी त्यांची सोयरीक होती. थोरल्या बाजीरावांची भगिनी भिऊबाई ही बाबूजींचे बंधू आबाजी नाईक ह्यांना दिलेली होती. आणि सोयरिकीबरोबर चुरसही होती. १७४० साली बाजीराव निवर्तल्यावर पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी बाबूजींचे नाव पुढे केले होते, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. अशा बड्या घरी तरुण मोरोपंत पुराणिक म्हणून राहिले.

बारामती आणि इंदापूर हा मुलूख आज आपण उसाच्या मळ्यांचा म्हणून ओळखतो. ते रूप अलीकडचे. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला; त्यापूर्वी हा सारा आवर्षणाचा, ज्वारी-बाजरीचा प्रदेश होता. कऱ्हा बारामतीवरून वाहत जाऊन नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपुरापाशी भीमेला मिळते. ह्या नद्यांच्या काठची गावे सोडली तर बाकीच्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असत. काशी किंवा पुणे ह्यांच्यासारखे पंडितांचे मेळे येथे नव्हते. विद्वानाने कीर्ती मिळविण्यासाठी निवडावे असे हे स्थळ नव्हे. पंत मात्र येथे आले आणि येथलेच होऊन राहिले.

आता पुराणिकाचे काम काय असते ते पाहू. पोथी सोडावी, संस्कृत श्लोक वाचावा, त्याचा अर्थ प्राकृतात उलगडून सांगावा आणि अध्याय संपला की पोथी बांधून ठेवावी. रामायण, भारत, भागवत ह्यांच्या बाहेर फारसे जावयाचे नाही. चातुर्मास आला की पुन्हा तीच कथा, तोच वनवास, तेच सीताहरण. श्रोतेही बहुधा तेच, आणि त्यांना पुढे काय होणार हे पुराणिकाइतकेच ठाऊक. सांगणाऱ्याने मनात आणले तर हे काम अर्धवट झोपेतही उरकता येते, आणि तसे उरकणारे पुराणिक त्या काळीही असतीलच. प्रस्तुत लेखकाने तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत तेच धडे शिकविले आहेत. तेव्हा तेच ते सांगण्याचा कंटाळा म्हणजे काय, हे त्यास निराळे सांगावयास नको.

ह्या एकसुरीपणावर पंतांनी जो उपाय योजिला तो विलक्षण होता. त्यांनी कथा बदलली नाही, ती सांगण्याची तऱ्हा बदलली. एकच रामकथा त्यांनी निरनिराळ्या वृत्तांत, निरनिराळे नियम स्वतःवर घालून घेऊन, पुन्हा पुन्हा रचिली. अशी १०८ रामायणे त्यांनी केली असे परंपरा सांगते. ती सर्वच आज उपलब्ध नाहीत, तरी जी आहेत ती पाहूनही मन थक्क होते. त्यांपैकी एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ज्यांच्या उच्चाराला ओठाला ओठ लावावा लागतो ती प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात यावयाची नाहीत. वाचकांनी क्षणभर विचार करावा. राम ह्या नावातच म आहे. तेव्हा रामाचे नाव न घेता रामाची कथा आदिपासून अंतापर्यंत सांगावयाची, असा तो पण झाला! मंत्ररामायणात मंत्राची अक्षरे ओळीने गुंफलेली आहेत. परंतु रामायण, दाम रामायण, लघुरामायण अशी कितीतरी नावे आणखी सांगता येतील.

नाईकांनी १०८ रामायणे मागितली असतील असे कोणासही वाटणार नाही. त्यांना एक पोथी आणि ती नीट सांगणारा एक पुराणिक पुरेसा होता. निरोष्ठ रामायणाबद्दल कोणी पगारात वाढ करून दिली असेल असेही संभवत नाही. पंत आपल्या कामात सुखी होते की नव्हते, हे त्यांनी कोठे रोजनिशीत लिहून ठेवलेले नाही. पण मागितले त्याहून शंभर पटींनी अधिक काम जो मनुष्य आपणहून करतो, त्याच्या सुखाची साक्ष दुसरी कोणती हवी? चाकरीने जेवढे मागितले तेवढे धन्याचे. त्याच्या पलीकडचे जेवढे केले तेवढे स्वतःचे. पंतांचा आनंद ह्या पलीकडच्या भागात होता.

केवळ शब्दांचे खेळ करून ते थांबले असते तर त्यांचे नाव आज कोणी घेतले नसते. महाभारताची अठराही पर्वे त्यांनी आर्यांमध्ये आणिली. ह्या आर्याभारताचा विस्तार सुमारे सतरा हजार आर्यांचा आहे. पंतांची आर्या ही शास्त्रदृष्ट्या गीति होय. तिच्या प्रत्येक अर्धात बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा येतात आणि शेवटी यमक जुळावे लागते. त्याखेरीज कृष्णविजय, मंत्रभागवत, हरिवंश, संतांची माळ गुंफणारी सन्मणिमाला अशी त्यांची रचना आहे. त्यांची एकूण कविता पाऊण लक्षाच्या घरात जाते अशी जाणकारांची गणना आहे. शिक्षकाच्या सवयीने हिशेब करून पाहिला, तर बारामतीच्या चाळीस वर्षांत रोजच्या सरासरी पाच कविता पडतात. सण नाही, सुतक नाही, दुखणे नाही, असे धरून ही सरासरी आहे. तेव्हा स्फूर्ती आली म्हणजे लिहावे आणि गेली म्हणजे बसून राहावे, असा हा प्रकार नव्हता. सुताराने सकाळी रंधा हाती घ्यावा त्याप्रमाणे पंत लेखणी हाती घेत असले पाहिजेत.

ह्या काळात बाहेर काय चालले होते तेही ध्यानात घ्यावे. १७६१ साली पानिपत झाले. १७७२ साली थोरले माधवराव गेले, पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून झाला, त्यानंतर इंग्रजांशी युद्ध झाले. पेशव्यांच्या सोयऱ्यांच्या आणि सावकारांच्या घरी ह्या प्रत्येक घटनेचा हादरा पोचल्यावाचून राहिला नसेल. अशा अस्थिर दिवसांत आपले काम स्थिर ठेवणे हे सोपे नव्हे.

कामाला गोडी येण्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे समोरचा माणूस. पंत पंडित होते, पण त्यांच्यासमोर बसणारे सगळेच पंडित नव्हते. घरच्या बायकांना म्हणता यावीत म्हणून त्यांनी सीतागीत, सावित्रीगीत ह्यांसारखी सोपी गीते रचिली. पुढे त्यांच्या आर्यांना कीर्तनकारांनी उचलून धरले. सोलापूरचे शाहीर रामजोशी हे आधी तमाशाच्या फडात गाजलेले. ते कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या त्यांनी गावोगाव नेल्या. ह्या दोघांच्या भेटीच्या आख्यायिका प्रसिद्ध आहेत. एक शास्त्री पुराणिक आणि एक तमाशातला शाहीर, पण कवितेने दोघांना एका पंगतीस बसविले. आपले काम आपल्या घरातून बाहेर पडून परक्याच्या तोंडी रुळलेले पाहणे, ह्याहून मोठे वेतन कोणते?

पंतांवर आक्षेप घेणारेही पुष्कळ झाले. त्यांची भाषा संस्कृतप्रचुर आहे, यमकासाठी शब्दांची ओढाताण होते, कथा सर्व व्यासवाल्मीकींची असून ह्यांचे स्वतःचे काय, असे हे आक्षेप आहेत. त्यांत तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. १०८ रामायणांपैकी काही केवळ कसरतीसाठी केलेली वाटतात, आणि प्रत्येक आर्या रसाने भरलेली नाही. कामाचा आनंद काम करणाऱ्याला झाला म्हणून ते काम प्रत्येक वेळी उत्तमच वठते, असा नियम नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून पंतांच्या कवितेचा कैवार घेतला. लक्ष्मण रामचंद्र पांगारकरांनी १९०८ साली त्यांचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. वाद काही मिटला नाही. परंतु शाळाखात्यासाठी १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले ह्यांनी सिद्ध केलेल्या नवनीतातून मराठी मुलांच्या पिढ्यांनी पंतांच्या आर्या पाठ केल्या, ही गोष्टही तितकीच खरी.

स्वतःचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर पंतांनी अखेरीस दिले. ते उत्तर म्हणजे केकावली. केका म्हणजे मोराचा टाहो. आपल्या नावाशी जुळेल असे हे नाव. पृथ्वी वृत्तातील ह्या सव्वाशेच्या आतल्या श्लोकांत राम नाही, पांडव नाहीत. एक वृद्ध मनुष्य देवाशी बोलतो आहे, त्याच्याशी हुज्जत घालतो आहे, स्वतःचे दोष सांगून पदर पसरतो आहे. सत्संग घडावा म्हणून त्यात जी याचना आहे ती आमच्या पिढीने शाळेच्या प्रार्थनेत रोज म्हटली. त्या ओळी बारामतीच्या पंतांच्या आहेत हे पुष्कळांना मोठेपणीच कळले. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग ह्यांनी ह्या एका लहान काव्यावर १८६५ साली यशोदापांडुरंगी ही टीका लिहिली आणि तिला आपल्या आईबापांचे नाव दिले. दुसऱ्यांच्या कथा जन्मभर सांगून ज्याचा हात तयार झाला, त्यालाच आपली कथा एवढ्या थोडक्यात सांगता आली. केकावलीत तृप्ती नाही, तळमळ आहे. ह्यावरून असे दिसते की कामातले समाधान म्हणजे हातपाय पसरून स्वस्थ बसणे नव्हे. समाधानी मनुष्य आणखी मागतो. तो स्वतःपाशी आणि देवापाशी मागतो एवढेच.

१७९४ साली, १५ एप्रिल रोजी, चैत्री पौर्णिमेस म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी, पंतांनी बारामतीस देह ठेविला. रामकथा शंभरांवर वेळा सांगणाऱ्यास ह्याहून योग्य तिथी कोणती मिळावी?

ह्या चरित्राचा कोणी गैर अर्थ काढू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पंतांना नाईकांनी आश्रय दिला होता. चरितार्थाची विवंचना त्यांना लेखणीपासून दूर ओढीत नव्हती, आणि रचना करावयास फुरसत होती. रिकाम्या पोटी आर्या सुचत नाहीत. तेव्हा ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी पंतांचे नाव सांगून पगार कमी करू नये व वेळ जास्त घेऊ नये. माणसाला कामात आनंद वाटावा असे ज्या धन्याला वाटत असेल, त्याने बाबूजी नाईकांचे अनुकरण प्रथम करावे. आणि ज्यांचे काम असे आहे की त्यात स्वतःचे म्हणून काही मिसळावयास जागाच नाही, उन्हात ऊस तोडणाऱ्यांचे किंवा यंत्रापुढे आठ तास उभे राहणाऱ्यांचे, त्यांना आनंदी राहा असा उपदेश घरी बसून करणे शोभणारे नाही.

परंतु आपल्यापैकी ज्यांच्या कामात थोडी तरी मोकळी जागा आहे, अशा शिक्षकांनी, कारकुनांनी, वैद्यांनी, गृहिणींनी आणि नव्याने नोकरीस लागलेल्या आपल्या मुलामुलींनी ती जागा शोधून पाहावी. पंत आपल्याच ज्ञातीतले, म्हणून त्यांचा अभिमान वाटणे सोपे आहे. तोच धडा पन्नासाव्यांदा शिकविताना एक नवा दृष्टान्त शोधणे, तीच वही लिहिताना ती कालच्याहून स्वच्छ लिहिणे, हे अवघड आहे. १०८ रामायणे कोणी आपल्याकडे मागत नाही. दुसरे एक रामायण करून पाहावे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.