दाढेतल्या चांदीचा हिशोब मांडणारा ब्लॅक

घरात कुणाच्या दाढेत चांदी भरली आहे का, बघा. आजोबा, काकू, कुणीतरी सापडेलच. तोंड उघडलं की मागच्या दाढेवर करडा ठिपका दिसतो, तो. आपण चांदी म्हणतो खरं, पण त्यात जवळपास निम्मा पारा असतो. ही चांदी दाढेत टिकते का आणि कशी, हे मोजून सांगणाऱ्या माणसाचं नाव ग्रीन वर्डिमन ब्लॅक. तुमचा एखादा मित्र नागपूरच्या डेंटल कॉलेजला असेल तर त्याला विचारा. किडलेल्या दाताचे ब्लॅकने पाडलेले प्रकार आजही बीडीएसला पाठ करावे लागतात.

पण या माणसाची स्वतःची शाळा? जवळजवळ नाहीच. जन्म १८३६ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. घरची शेती होती. पोराचं मन वर्गात रमेना, रमायचं ते रानात आणि जनावरांत. धानोऱ्याच्या आजूबाजूला वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सतराव्या वर्षी तो डॉक्टर भावाकडे शिकायला राहिला, मग एका दंतवैद्याच्या हाताखाली काही महिने काम केलं आणि लगेच स्वतःचा दवाखाना टाकला. तेव्हा चालायचं असं! पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं, त्यात गुडघा दुखावला, आणि १८६४ मध्ये ब्लॅक जॅक्सनविल गावी स्थायिक झाले.

आता मुद्द्याचं. त्या काळात चांदी भरण्यावरून दंतवैद्यांमध्ये अक्षरशः भांडणं होती. त्यांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेनं तर सभासदांकडून लिहून घेतलं होतं की आम्ही हे मिश्रण वापरणार नाही. एक गट म्हणायचा पारा विष आहे, दुसरा म्हणायचा सोनं परवडतं कुणाला? १८५६ पर्यंत ती संघटनाच मोडली. गंमत म्हणजे मिश्रण दाढेत गेल्यावर नेमकं काय करतं, हे नीट मोजायला मात्र फारसं कुणी बसलं नव्हतं.

ब्लॅक बसले. १८९५ च्या सुमारास त्यांनी वेगवेगळ्या प्रमाणातल्या मिश्रधातू घेऊन पाहिल्या. घट्ट होताना मिश्रण आकसतं की फुगतं, हे सूक्ष्ममापकानं मोजलं. आकसलं तर दात आणि चांदी यांच्यात फट पडते, त्यात लाळ शिरते आणि आतून पुन्हा कीड. फुगलं तर चांदी वर उचलली जाते. साधारण दोन तृतीयांश चांदी, बाकी बहुतेक कथील, जोडीला थोडं तांबं, असा मेळ त्यांनी बसवला. धातूचा नुकताच पाडलेला कीस आणि ठेवून जुना झालेला कीस वेगळा का वागतो, तेही शोधलं. माणूस दाढेनं किती जोरात चावतो, हे मोजायचं यंत्रही बनवलं. सरासरी आली १७१ पौंड, म्हणजे सुमारे ७८ किलो. एवढा भार रोज सोसायचा तर अंदाजपंचे भरून कसं चालेल?

१८९७ मध्ये ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दंत महाविद्यालयाचे डीन झाले. १९०८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला. सगळंच आज टिकलंय असं नाही. पुढे कीड लागू नये म्हणून किडीच्या शेजारचा त्याच दाताचा चांगला भागही थोडा कोरून घ्यायचा, हा त्यांचा नियम. दाताला चिकटणारी नवी द्रव्यं आल्यावर तो मागे पडला, आणि मला वाटतं बरंच झालं. पाऱ्यामुळे आता चांदीचा वापरही जगभर कमी होतोय.

पण शेवटची काही वर्षं त्यांनी ज्यात घातली, ते काम आपल्या जास्त जवळचं आहे. कोलोरॅडोत मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याला गावातल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते. कुणी लक्ष देईना. सत्तरी ओलांडलेले ब्लॅक १९०९ मध्ये तिथे गेले, दातांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. डाग घासून जाणारे नाहीत, दात हिरडीत घडत असतानाच पडतात, आणि हे दात किडायला हवे तितके किडत नाहीत, हे या दोघांच्या कामातून पुढे आलं. कारण काही हाती लागलं नाही. १९१५ मध्ये ब्लॅक वारले. १९३१ मध्ये उत्तर मिळालं: पिण्याच्या पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत बोरिंगच्या पाण्यात हेच फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको. ते डोळ्यांना दिसत नाही, उकळून जात नाही, पाणी तपासूनच कळतं. तुमच्या वर्गातही हसताना तोंडावर हात धरणारं कुणी असेल, आणि तू दात घासत नाहीस का, असं त्याला आजवर पन्नास जणांनी विचारलं असेल. घासतो तो. डाग ब्रशच्या आधीचे आहेत.