मुंबई महापालिकेचे शिल्पकार : सर फिरोजशहा मेहता

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून, म्हणजे जुन्या बोरीबंदरातून, बाहेर पडले की समोर महापालिकेची घुमटाची भव्य इमारत दिसते. तिच्या पुढ्यात एक पुतळा आहे. रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून लगबगीने ये-जा करतात. पण हा पुतळा कोणाचा असे विचारले, तर फारच थोड्यांना उत्तर देता येईल. हा पुतळा सर फिरोजशहा मेहता यांचा. १९२३ साली तो येथे बसविण्यात आला, आणि याहून योग्य जागा त्याला मिळाली नसती.

आपल्या पाठ्यपुस्तकांत फिरोजशहांची ओळख मवाळ पक्षाचे पुढारी, १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष आणि १९०७ साली सुरतेस झालेल्या फुटीतील एक बाजू एवढ्यावरच संपते. सुरतेचा प्रसंग वाचताना आपले मन साहजिकच लोकमान्यांकडे धाव घेते आणि फिरोजशहा मागे राहतात. परंतु त्यांच्या आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे एका निराळ्याच कामात गेली. आपल्या शहराला कसला कायदा हवा हे शहराने स्वतः ठरवावे, आणि तो कायदा सरकारच्या दारातून मिळवून आणावा, हे ते काम. त्यात टाळ्या कमी आणि कागद फार. म्हणूनच कदाचित ते आपल्या लक्षात राहिलेले नाही.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८६४ साली पदवीधर झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या बुद्धिमान विद्यार्थ्यावर विशेष लोभ होता. बॅरिस्टर होण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली व ते विलायतेस गेले. पण १८६५ साली मुंबईचा शेअर बाजार कोसळला, त्यात शिष्यवृत्ती देणारे दातेच बुडाले आणि शिष्यवृत्तीही आटली. तरीही फिरोजशहांनी अभ्यास पुरा केला. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा सहवास त्यांना लाभला. १८६८ साली ते बॅरिस्टर होऊन परत आले.

त्या वेळी मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्याने चाले. सरकारने तहहयात नेमलेले ‘जस्टिस ऑफ दि पीस’ हीच नगरसभा, आणि सारी सत्ता म्युनिसिपल कमिशनरच्या हाती. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर मोठे धडाडीचे होते. त्यांनी रस्ते केले, गटारे बांधली, बाजार उभारले. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. करांचे ओझे वाढले आणि १८७१ साली करदाते खवळून उठले. जो तो क्रॉफर्डना हाकला म्हणू लागला.

फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत सव्वीस वर्षांचा हा तरुण बॅरिस्टर उभा राहिला. त्याने जे मांडले ते श्रोत्यांना मुळीच रुचले नाही. दोष एका माणसाचा नाही, कायद्याचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावी, परंतु त्याच्यावर लगाम ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी. आज क्रॉफर्डना घालवून उद्या दुसरा आणला तरी रोग तसाच राहील. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी झालेला १८७२ चा कायदा मात्र बऱ्याच अंशी याच दिशेने गेला. ६४ सभासदांची नगरसभा झाली आणि त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे ठरले. भर सभेत लोकांना न आवडणारी गोष्ट सांगायची आणि ती कायद्यात उतरेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, हा फिरोजशहांचा स्वभाव या पहिल्याच प्रसंगात दिसतो.

१८७३ पासून ते नगरसभेत बसू लागले. १८८४ व १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते तिचे अध्यक्ष झाले. याच सुमारास लॉर्ड रिपन यांच्या धोरणामुळे स्थानिक स्वराज्याचे वारे वाहत होते. मुंबईलाही नवा कायदा मिळायचा होता. परंतु १८८७ साली सरकारने जो मसुदा कायदेमंडळात आणला, त्यात कमिशनरला नगरसभेच्या जवळजवळ बरोबरीचे स्थान दिलेले होते. म्हणजे कर लोकांनी भरायचे, प्रतिनिधी लोकांनी निवडायचे, आणि सरकारी अधिकारी मात्र त्यांना जुमानणार नाही, अशी अवस्था होणार होती.

मुंबईच्या सुदैवाने त्या वेळी गव्हर्नरच्या कायदेमंडळात फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही होते. पारशी बॅरिस्टर आणि मराठी पंडित यांची ही जोडी एकेका कलमासाठी झगडली. शहराचा कारभार नगरसभेच्या ठायी असेल, हे तत्त्व त्यांनी कायद्यात पक्के करून घेतले. १८८८ च्या कायद्याने सभासद ७२ झाले. त्यांपैकी ३६ वॉर्डांतून करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, प्रत्येकी २ विद्यापीठाच्या फेलोंनी व व्यापारी चेंबरने आणि १६ सरकारने नेमायचे. पैशाच्या कामावर देखरेख करण्यासाठी १२ जणांची स्थायी समिती आली. तिच्यातील ८ नगरसभेचे, ४ सरकारचे. कमिशनर नेमण्याचा अधिकार सरकारकडेच राहिला, पण मोठ्या बहुमताने त्याला परत पाठविण्याची सोय झाली. मागितलेले सर्वच मिळाले नाही. तरीही हा कायदा इतका भक्कम ठरला की, अनेक दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आजतागायत त्याच १८८८ च्या कायद्याने चालतो.

१८९२ च्या कौन्सिल कायद्यानंतर मुंबईच्या नगरसभेला प्रांतिक कायदेमंडळात आपला एक प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क मिळाला. १८९३ साली तिने फिरोजशहांनाच पाठविले. आता शहराचे गाऱ्हाणे शहराच्याच तोंडाने मांडले जाऊ लागले.

असेच एक जुने गाऱ्हाणे पोलिसखर्चाचे होते. मुंबईच्या पोलिसांवर हुकमत सरकारची. त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा मात्र नगरसभेने उचलायचा. ज्याच्यावर आपला अधिकार नाही त्याचा खर्च आपण का द्यावा, हा फिरोजशहांचा सरळ प्रश्न होता. वर्षानुवर्षे पत्रव्यवहार झाला, ठराव झाले, आणि अखेर १९०७ च्या कायद्याने तोड निघाली. पोलिसांचा खर्च सरकारने घेतला; त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांची जबाबदारी नगरसभेने पत्करली.

हा व्यवहार मला कोरडा वाटत नाही. माझी आई मुंबईच्या महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि मला मुळाक्षरे गिरवायला शिकवली ती आईने. शहराचा पैसा पोलीसचौकीवर जावा की शाळेवर, हा वाद कागदावर रुक्ष दिसतो. पण त्याचा निकाल पुढे कोणाच्या तरी घरात पाटी-पेन्सिलीच्या रूपाने पोचतो.

फिरोजशहांचा दरारा सरकारी व गोऱ्या मंडळींना सलू लागला होता. १९०७ च्या निवडणुकीत त्यांना नगरसभेबाहेर ठेवण्यासाठी काही बड्या युरोपियनांनी गट बांधला. जस्टिसांच्या १६ जागांसाठी मतदान झाले आणि फिरोजशहांचा क्रमांक लागला सतरावा! शहरात संतापाची लाट उसळली, माधवबागेत मोठी सभा भरली. पुढे निवडून आलेल्यांपैकी एक जण अपात्र ठरला आणि फिरोजशहा नगरसभेत परतले. गंमत अशी की, त्यांना परत आणले तेही कायद्यातील एका कलमानेच.

मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना त्याची उणी बाजू झाकणे बरे नव्हे. फिरोजशहांनी ज्यांच्यासाठी हक्क मागितले ते करदाते होते. गिरणीत राबणारा, चाळीच्या एका खोलीत दहा जणांसह राहणारा कामगार त्यांच्या मतदारयादीत नव्हता. १८९६ साली प्लेग आला तेव्हा सर्वांत जास्त हाल याच माणसांचे झाले, आणि नगरसभेत त्यांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले ते १९२२ साली, आणि सर्व प्रौढांना १९४८ च्या निवडणुकीत. फिरोजशहांनी बांधलेल्या घराचे दार पुढच्या पिढ्यांना रुंद करावे लागले. परंतु घरच नसते तर दार कशाचे रुंद करणार होते?

शेतकऱ्यांविषयी ते उदासीन होते, असे मात्र म्हणता येणार नाही. १९०१ साली जमीन महसुलाचे वादग्रस्त विधेयक सरकारने रेटले, तेव्हा त्याच्या निषेधार्थ ते गोखले आदी सहकाऱ्यांसह कायदेमंडळातून उठून बाहेर पडले होते.

१९११ साली स्थापन झालेल्या सेंट्रल बँकेचे ते पहिले अध्यक्ष. १९१३ साली त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे दैनिक सुरू केले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले. लोक त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणत, पण राजाला न शोभणारे काम त्यांनी जन्मभर केले. अंदाजपत्रकातील आकडे तपासायचे, मसुद्यातील शब्द खोडायचे, नवा घालायचा, तो नाकारला गेला की पुढच्या बैठकीत पुन्हा मांडायचा.

आपल्या गावात नळाला पाणी आले नाही की आपण नगराध्यक्षाला नावे ठेवतो, साहेबाची बदली मागतो. त्या साहेबाचे अधिकार कोणत्या कायद्यात लिहिले आहेत आणि तो कायदा बदलायला विधानसभेत आपल्या गावातर्फे कोण काय मागत आहे, हे मात्र आपण विचारत नाही. १८७१ सालच्या त्या सभेत सव्वीस वर्षांच्या तरुणाने नेमके हेच विचारले होते. आपण पदवीधर होऊन बाहेर पडू तेव्हा हा प्रश्न विचारण्याइतके तरी शिकलेले असावे, असे मला वाटते.